पाचवं रीडिंग

निरोप आला तेव्हा केलेरा लेकीला उकडलेला दालोचा कंद कुस्करून भरवत होती. फोनवर चारच ओळी होत्या. ट्रान्झिस्टरच्या प्रयोगाचं तुमचं जर्नल दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या जर्नलशी आकडा न् आकडा जुळतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता डॉ. फिफितांच्या खोलीत हजर राहावं. तोवर गुण राखून ठेवले आहेत.

तिनं ते तीनदा वाचलं. दुसरा विद्यार्थी कोण, हे पहिल्याच वाचनात कळलं होतं. उरलेली दोन वाचनं नुसती रागात गेली. चमचा तिनं वाटीत असा आपटला की लिटिया दचकली, आणि रडावं की हसावं हे न सुचून तोंडातला दालो तिनं हनुवटीवर सोडून दिला.

"काय झालं गं?" आई मोरीतून ओरडली.

"अपिसाई. मेला अपिसाई."

आई हसली. "तौवूला शिव्या द्यायच्या तर जरा वजनाच्या दे. मेला काय, मेला आपण कोंबडीलाही म्हणतो."

केलेराचं गाव कडावू बेटावरचं, अपिसाईचं रेवा नदीच्या वरच्या अंगाचं. दोन्ही गावांचे पूर्वज म्हणे एकाच देवाच्या पोटचे, म्हणून दोन्ही गावं एकमेकांची तौवू. तौवूनं तौवूला भर रस्त्यात काय वाट्टेल ते बोलावं, तौवूच्या घरात शिरून हवं ते उचलावं, आणि ज्याचं उचललं त्यानं हसावं. रागवायचं नाही. केलेराचे वडील वारले तेव्हा नदीकाठची माणसं मयताला आली, शोकाच्या जेवणासाठी बांधलेली दोन डुकरं दावणीची सोडून घेऊन गेली, आणि जाताना म्हाताऱ्याच्या शवाला म्हणाली, "ऊठ की रे आळशा, तुझी डुकरं चाललीत!" आई तेव्हा रडता रडता हसली होती. ते हसणं केलेराला आठवत होतं. तौवू असतात ते त्यासाठीच, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

पण अपिसाईनं डुक्कर नेलं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तो तिच्या टेबलाशी आला आणि तिच्या पिशवीत हात घालून चाचपू लागला. "कडावूच्या बाईच्या पिशवीत वाळका मासा हवा. हे काय, जर्नल? छे छे, वास मात्र माशाचाच!" आजूबाजूचे हसले. तीही हसली. "नदीतल्या बेडका, तुला वाचता येतं का पण?" असं म्हणालीदेखील. तो जर्नल काखेत मारून गेला. प्रयोगाची मांडणी कशी लिहायची ते बघेल आणि संध्याकाळी देईल, असं तिला वाटलं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी दुपारी चारला जर्नलं द्यायची होती. चार वाजले. अपिसाईचं जर्नल कचेरीच्या खिडकीतून आत गेलं, त्यावर सोमवारचा शिक्का बसला. केलेराचं जर्नल मंगळवारी सकाळी तिच्या हातात पडलं, वर दोन संत्री ठेवलेली. तिनं धावत नेऊन दिलं. शिक्का मंगळवारचा. उशीर का झाला ह्या रकान्यात तिनं लिहिलं, 'मूल आजारी.' तौवूनं नेलं असं कागदावर कसं लिहिणार?

आता शिक्के सांगत होते की अपिसाईचं आधी, हिचं नंतर. म्हणजे हिनं बघून लिहिलं.

बरं, आकडे योगायोगानं जुळलेत म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. हा प्रयोगच असा होता. ट्रान्झिस्टरच्या एका पायात किंचित करंट सोडायचा आणि दुसऱ्या पायातून तो किती पट होऊन येतो ते मोजायचं. सात पायऱ्या, सात रीडिंगं. लॅबच्या खणात साठ ट्रान्झिस्टर, साठांवर छापलेलं नाव एकच, पण एक करंट एकशेनव्वद पट करतो, तर त्याचाच शेजारी अडीचशे पट. डॉ. फिफिता पहिल्याच तासाला हे सांगत, म्हणून तर प्रत्येकाला आपापला ट्रान्झिस्टर, आपापलं जर्नल. अपिसाईची तुकडी मंगळवारची, केलेराची गुरुवारची. दोघांचे सातही आकडे दशांशापर्यंत सारखे आले, म्हणजे दोघांतला एक जण चोर.

आणि चोर ठरलं की त्या प्रयोगाला शून्य, शून्य म्हणजे विषय नापास, आणि हा विषय वर्षातून एकदाच शिकवत. लिटिया झाली तेव्हा केलेराचं एक वर्ष गेलंच होतं. शिष्यवृत्तीच्या कचेरीतल्या बाईनं तेव्हाच बजावलं होतं, "एकदा चालवून घेतलं, दुसऱ्यांदा नाही." नवरा सैन्यात, दूर सिनाईत शांतिसेनेच्या पहाऱ्यावर. घरी आई, लिटिया आणि लॅबच्या गार हवेसाठी घेतलेला एक स्वेटर. दुसऱ्यांदा वर्ष गेलं तर मग इंजिनिअरिंग गेलंच.

रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं आईला सगळं सांगितलं. आई कसाव्याचे कंद सोलत ऐकत होती.

"आता त्या टोंगाच्या फिफिताबाईंसमोर जाऊन सांगणार, की माझ्या तौवूनं चोरी केली?"

"मग काय सांगू? मी केली म्हणून सांगू?"

"तसं नाही गं. पण तौवूवर रागवायचं नसतं. डुकरं नेली तेव्हा आपण..."

"डुकरं बाबांची होती, आई! बाबा गेलेले होते! मी अजून आहे!"

लिटिया रडायला लागली. आईनं तिला उचललं आणि पाठीवर थोपटत बाहेर गेली. केलेरानं उरलेला कसावा सोलला. साल इतकी जाड काढली, की खाली बोटाएवढा कसावा राहिला.

तरी तिच्याजवळ एक उपाय होता, आणि बुधवारी सकाळी ती बसनं नासिनूच्या घरून थेट लॅबमध्ये गेली. ज्यावर सगळं सर्किट टोचायचं त्या ब्रेडबोर्डवर प्रत्येक जण आपल्या नावाची पट्टी चिकटवत असे, आणि तो बोर्ड सत्र संपेपर्यंत कपाटात राहात असे. तिच्या बोर्डावर तिचा ट्रान्झिस्टर होता. तो काढायचा, डॉ. फिफितांसमोर मीटरला जोडायचा, सातही पायऱ्या परत मोजायच्या. आकडे कुणाचे ते ट्रान्झिस्टरच सांगेल.

लॅब सांभाळणारे दीपनेश मास्तर चिमट्यानं एका बोर्डातून वायरी उपटत होते. त्यांच्या डाव्या बाजूला रिकाम्या बोर्डांची चळत, उजव्या बाजूला खण. खणात सुटे झालेले ट्रान्झिस्टर पाय वर करून पडलेले.

"माझा बोर्ड, मास्तर?"

"नाव?"

तिनं नाव सांगितलं. मास्तरांनी चळतीत खालून तिसरा बोर्ड ओढून काढला. पट्टी होती. बोर्ड मोकळा.

"कालच रिकामे केले पंधरा-वीस. पुढच्या सत्राला लागतात ना, बेटा."

"त्यातला ट्रान्झिस्टर?"

मास्तरांनी खणाकडे बोट दाखवलं. केलेरा खणात बघत राहिली. सगळे सारखेच काळे ठिपके. त्यातला एक तिचा, आणि तो कोणता हे आता त्या ट्रान्झिस्टरलाही माहीत नव्हतं.

"सत्र संपायला तीन दिवस आहेत अजून!" तिचा आवाज चढला. "तीन दिवस थांबला असतात तर हात झडले असते?"

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. वीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. "तुझ्या तौवूनंही कालच विचारलं," ते म्हणाले. "बोर्ड मोकळे झाले का म्हणून. झाले सांगितलं तर मला च्युइंगम देऊन गेला."

केलेरा बाहेर आली. जिन्यावर अपिसाई बसला होता, चार पोरं भोवती, काहीतरी सांगून हसवत होता. तिला बघून त्यानं दोन्ही हात पसरले.

"आली, आली! कडावूची शार्क आली! काय गं, उद्या आपलं दोघांचं लग्न लावणारेत म्हणे टोंगावाल्या बाई? जर्नलं जुळली, आता पत्रिका बघायची राहिली!"

पोरं हसली. तिनं त्याच्याकडे बघितलं. उलट बोलायला तोंडात दहा गोष्टी होत्या, पण त्यातली एकही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती त्याला ओलांडून खाली उतरली.

"अरे, बोलली नाही!" मागून तो म्हणाला. आवाजात किंचित खोट पडली होती. "आजारी आहे वाटतं."

गुरुवारी दहाला डॉ. फिफितांच्या टेबलावर दोन्ही जर्नलं उघडी होती. बाई धिप्पाड, कमरेला टोंगाच्या रिवाजानं विणलेली चटई गुंडाळलेली, चष्मा कपाळावर. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"सात आकडे," त्या म्हणाल्या. "एक पूर्णांक नऊ, तीन पूर्णांक आठ, पाच पूर्णांक सात, सात पूर्णांक सहा. सरळ रेषेत. मग पाचवं, दहा पूर्णांक एक. साडेनऊ यायला हवं होतं. सहावं, सातवं पुन्हा रेषेत. दोघांचंही पाचवंच रेषेबाहेर, दोघांचंही तितकंच. का?"

"मीटर जुनं आहे, मॅडम," अपिसाई लगेच म्हणाला. "म्हातारं झालंय. मध्येच उचकी लागते त्याला."

"मंगळवारी उचकी लागली, आणि गुरुवारी परत तिथेच, तेवढीच?"

अपिसाई हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी केलेराकडे बघितलं.

"का?"

केलेराला माहीत नव्हतं. हेच सगळ्यांत भयंकर होतं. आकडा तिचा होता, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी मीटरवर बघून लिहिला होता, आणि का, ते तिला माहीत नव्हतं. तिनं तो गुरुवार आठवायचा प्रयत्न केला. लॅबमधली गार हवा, स्वेटरच्या बाह्या. लिटियाला तीन दिवस ताप. आई घरी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती, आणि दर तासाला फोन. चौथं रीडिंग झालं तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी काहीतरी जळलं, वास आला. तिला वाटलं, आपलं तर नाही? मग...

"लवकर," डॉ. फिफिता म्हणाल्या.

"थांबा ना!" ती इतक्या जोरात म्हणाली की अपिसाईसुद्धा दचकला. "आठवू द्या. तुम्हाला आकडा सापडला, मला तो दिवस शोधायचाय!"

बाईंच्या भुवया चढल्या. पण त्या थांबल्या.

केलेराचा उजवा हात आपोआप वर आला होता. अंगठा आणि पहिली दोन बोटं काहीतरी अलगद धरावं तशी जुळली होती. दिवसातून शंभर वेळा ती असाच हात करत असे. लिटियाच्या कानाची पाळी अशी धरायची, तापली असेल तर कपाळाआधी ती सांगते. तिनं स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"मी धरला होता," ती म्हणाली. "ट्रान्झिस्टर. जळका वास आला म्हणून, तापलाय का ते बघायला. असा. माझ्या मुलीला ताप होता, हात सारखा तिचा ताप बघत होता, इथेही तेच झालं. धरून बघितला, आणि डोळे मीटरवर होते, मीटरवर आलं ते लिहिलं. मग सोडला. सहावं घेईपर्यंत तो परत गार झाला."

"बोटांच्या उबेनं करंट सहा टक्के वर?" डॉ. फिफिता म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो, त्या मनातल्या मनात हिशेब करत होत्या. "त्या थंड खोलीत... चला."

लॅबमध्ये दीपनेश मास्तरांनी खणातला हाताला लागेल तो ट्रान्झिस्टर उचलून बोर्डवर टोचला, करंट पाचव्या पायरीवर ठेवला. मीटरवर बारा पूर्णांक दोन. हा ट्रान्झिस्टर वेगळा होता, तेव्हा आकडाही वेगळा. तो तसाच स्थिर उभा.

"धर," डॉ. फिफिता म्हणाल्या.

केलेरानं धरला, लिटियाचा कान धरते तसाच. आकडा हलला. बारा पूर्णांक तीन. पाच. सात. चढत राहिला, तेराला टेकला. तिनं बोटं काढली. तो हळूहळू उतरू लागला, जिन्यावरून म्हातारी उतरावी तसा.

"ताप उतरला," मास्तर पुटपुटले.

"तू," बाई अपिसाईकडे वळल्या. "तुझं पाचवं दहा पूर्णांक एक कसं आलं?"

अपिसाईनं ट्रान्झिस्टरकडे बघितलं, मीटरकडे बघितलं, खोलीच्या छताकडे बघितलं.

"ठीक. रीडिंगं कुणाची ते कळलं," डॉ. फिफिता म्हणाल्या. केलेरानं श्वास सोडला आणि तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण नियमात दोन कलमं आहेत. बघून लिहिणाऱ्याला शून्य. आणि लिहायला देणाऱ्यालाही शून्य. तू त्याला जर्नल दिलंस का?"

"नाही."

"नाही कसं?" अपिसाईला वाचा फुटली, आणि सवयीनं तीच जुनी हसरी वाचा फुटली. "मॅडम, आम्ही तौवू आहोत. तिनं दिलं काय, मी घेतलं काय, एकच की! तौवूत देणं-घेणं कुठे वेगळं असतं?"

"एकच?" केलेरा म्हणाली.

"अगं, चिडतेस काय? आपल्यात..."

"एकच?" तिनं दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "तू माझ्या पिशवीत हात घातलास, मी हसले. चार दिवस ठेवून घेतलंस, मी हसले. उशीर झाला, मी खोटं लिहिलं, की मूल आजारी. माझ्या लेकीच्या तापावर मी तुझी चोरी झाकली, अपिसाई! आणि तू माझा बोर्ड मोकळा झाला का, ते बघून गेलास. च्युइंगम देऊन! तेही हसायचं होतं का? सांग ना, कुठे हसायचं, मी हसते!"

"मी नुसतं..."

"मी आज तुझी तौवू नाही."

मास्तरांच्या हातातली वायर तशीच राहिली. अपिसाईचा चेहरा असा झाला, जसं कुणी भर सभेत त्याच्या बापाचं नाव पुसलं. त्याच्या गावानं कडावूच्या माणसांकडून शतकानुशतकं सगळं ऐकलं होतं, आईवरून, देवावरून, नाकाडोळ्यांवरून. हे कुणी बोललेलं नव्हतं.

डॉ. फिफितांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "आमच्याकडे आत्या घरात शिरली की हवी ती चटई उचलते, आणि कुणी चकार शब्द काढत नाही," त्या म्हणाल्या. "माझी स्वतःची सगळ्यांत चांगली चटई गेलीय तशी. ते तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे. मी इथे एवढंच विचारते. तू तिला विचारून घेतलंस?"

मीटर अजून उतरत होतं.

"नाही," अपिसाई म्हणाला. "ती बघत होती, पण मी विचारलं नाही. तिनं दिलं नाही. मी घेतलं."

"मोठ्यानं."

"मी घेतलं, मॅडम. न विचारता."

निकाल तिथेच झाला. अपिसाईला त्या प्रयोगाचं शून्य, पण कबूल केलं म्हणून विषय वाचवायची एक संधी, सुट्टीत नवा ट्रान्झिस्टर घेऊन मास्तरांसमोर सगळा प्रयोग पुन्हा. केलेराचे गुण मोकळे, उशिराचा दंड माफ, पण दोन गुण कापले.

"दोन कशाचे?" ती म्हणाली. राग अजून पुरता जागा होता.

"जर्नलमध्ये जे केलं ते सगळं लिहायचं असतं. बोटांनी धरला, हे लिहिलं असतंस, तर आज ह्या खोलीत कुणालाच यावं लागलं नसतं. त्यालाही ते आयतं लिहिता आलं नसतं. बोटं त्यानं कुठून आणली असती?" डॉ. फिफितांनी तिच्यापुढे जर्नल सरकवलं, पेन दिलं. "लिही. खोडायचं नाही, खाली, आजच्या तारखेनं."

केलेरानं लिहिलं. 'रीडिंग पाच: ट्रान्झिस्टर बोटांत धरलेला होता.' पेन इतकं दाबलं गेलं, की पुढच्या तीन पानांवर अक्षरं उमटली.

शनिवारी दुपारी अपिसाई नासिनूच्या घरी आला. धुतलेला शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कुटून मानाचं पेय करायची यांगोनाची मुळं. चटईवर मांडी घालून त्यानं मुळांची जुडी पुढे ठेवली, मान खाली घालून गावाच्या रीतीनं माफीचे शब्द म्हटले. तो ते कधीच धड म्हणू शकला नव्हता, पण आज एकही शब्द चुकला नाही. आईनं जुडीला हात लावला, तळवे पोकळ करून तीन टाळ्या वाजवल्या. माफी पोचली.

लिटिया रांगत जाऊन त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यानं तिला उचललं नाही. केलेराकडे बघितलं.

ती दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

"तौवू," तो हळूच म्हणाला. मग, तो शब्द चालेल की नाही ह्या शंकेनं, "केलेरा. काहीतरी बोल की. शिवी दे. बेडूक म्हण. गुरुवारपासून तू मला एक शिवी दिली नाहीस."

आई केलेराकडे आशेनं बघत होती. एक शिवी, एवढंच. मग तिघं हसतील, यांगोना कुटली जाईल, सगळं पहिल्यासारखं होईल.

केलेरा पुढे आली, वाकली, लिटियाला उचललं. सवयीनं तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून बघितली. गार होती.

"राग उतरला की देईन," ती म्हणाली. "अजून उतरला नाही."

आणि ती लेकीला घेऊन आत गेली.